शेवटच्या भट्टीच्या काचा

चोरी झाली की घरातलं काहीतरी कमी होतं, अशी माझी आपली साधी समजूत होती. त्यामुळे निवृत्त मास्तरीणबाई ठाण्यात येऊन म्हणाल्या, "माझ्या खिडकीचं तावदान चोरीला गेलंय आणि त्या जागी नवं बसवलेलं आहे," तेव्हा माझ्या हवालदार बाईने तोंडाला रुमाल लावला. मलाही हसू आवरेना. या गावात बदली होऊन मला वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात हरवलेल्या मांजरापासून भावाभावांच्या भांडणापर्यंत सगळं माझ्या टेबलावरून गेलं होतं. पण चोर घर सुधारून गेल्याची तक्रार ही पहिलीच.

"बाई, काच बदलली हे तुम्हाला कळलं कसं?"

"समोरचं झाड सरळ दिसायला लागलं," बाई म्हणाल्या. "लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ते झाड मधोमध पिचकल्यासारखं दिसतं. जुनी काच ना, लाटा आहेत तिच्यात. काल चहा घेऊन खिडकीशी बसले, तर झाड ताठ उभं. मी चष्मा पुसला. मग शेजारणीचा चष्मा लावून पाहिला. आता तू उठतेस, की मी इथेच बसू?"

बाई अख्ख्या गावाला अगं-अरे करत. निम्मं गाव त्यांच्या इतिहासाच्या तासाला बसलेलं, त्यामुळे तो हक्क त्यांना कोणी वेगळा द्यायची गरज नव्हती. मी उठले.

बाईंचं घर जुन्या काचकारखान्याने आपल्या कारकुनांसाठी बांधलेल्या ओळीतलं शेवटचं. सगळी घरं एकाच साच्यातली, एकाला एक चिकटलेली, मागे अरुंद बोळ, आणि प्रत्येक दारावर ते घर बांधल्याचं साल चुन्यात कोरलेलं. मी बाईंच्या मागच्या खिडकीपाशी गेले. नवं तावदान इतकं बेमालूम बसवलं होतं की झाड नसतं तर ते कोणाच्या लक्षातही आलं नसतं. काच पक्की करायला चौकटीत भरतात ती लांबी अंगठ्याने दाबली, तर अजून मऊ होती. जवसाच्या तेलाचा वास येत होता. चारही कोपरे तासून सारखे केलेले आणि वर काच पुसलेली. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीचं काम करून गेलेला मिस्त्री यापेक्षा जास्त घाण करून गेला होता, आणि तो तर रीतसर बोलावलेला.

मग मी ओळीतली सगळी दारं वाजवली. ज्या ज्या घरात जुनी लाकडी खिडकी शिल्लक होती, त्या त्या घरात मागच्या बाजूचं एक तावदान नवं होतं. कोणाला पत्ताच नव्हता. एक काका तर माझ्यावरच उखडले, "नवी काच आली तर आली, तुम्हाला काय त्रास?"

"कोणाला इथे काम करताना पाहिलंत?" मी विचारत गेले.

"छे, कोणी नाही," सगळे म्हणाले. शेवटी एका काकूंना आठवलं. "म्हणजे काडीवाला असतो अधूनमधून शिडी लावून. पण तो काय, काचवालाच आहे."

शिडीवर चढून खिडकी उचकटणारा माणूस भर दिवसा बोळात उभा होता आणि तो काचवाला असल्यामुळे कोणाला दिसलाच नव्हता. गावात बाकी सगळे ॲल्युमिनियमची चौकट आणि रबरी पट्टी लावणारे. लांबीचं काम येणारा हा एकटाच उरला होता. माझा तपास असा जेवायच्या आधीच संपला, आणि खरं सांगायचं तर मी थोडी खट्टू झाले.

"पण त्याला काडीवाला का म्हणतात?" मी परत येऊन बाईंना विचारलं.

बाईंनी मला ऐकवलं ते त्यांनी शाळेत कित्येक वर्षं शिकवलेलं होतं. काडीवाल्याचा पणजोबा कारखान्यात मुख्य भट्टीवाला होता. एका सकाळी त्याचं मालकाशी कडाक्याचं भांडण झालं, कारखान्यातल्या लोकांनी ते ऐकलं. दुपारी काचा बांधायच्या पेंढ्याला आग लागली, भट्टीघर कोसळलं, आत असलेली माणसं गेली आणि हाही गेला. रागाच्या भरात त्यानेच पेंढ्यात काडी टाकली, असं ठरलं. कारखाना पुन्हा उभा राहिला नाही. मालकाने मात्र गावाला शाळा दिली, दवाखाना दिला, आणि भट्टीवाल्याच्या घराण्याला हे नाव मिळालं. आता मालकांचे नातू, ज्यांना गाव धाकटे मालक म्हणतं, त्या पडक्या भट्टीघराचं संग्रहालय करत होते. दारात दगडी फलक बसणार होता. त्यावर मेलेल्यांची नावं, आणि खाली आग लावणाऱ्याचं नाव.

"कोरून?" मी विचारलं.

"कोरून. पाथरवट कामाला लागलाय," बाई म्हणाल्या.

काडीवाल्याचं दुकान पुढून त्याच्या मुलीचं आणि मागून त्याचं. पुढे ती ॲल्युमिनियम कापत होती, कानात बोळे घालून. मागे काडीवाला टेबलावर फलालीचं कापड पसरून काच कापत होता. उंच, हाडकुळा, आणि बघताक्षणी कळावा असा हेकट. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "आरशाला पारा लावणं बंद केलंय. नवा घ्या."

"मी ठाण्यातून आलेय."

"दिसतंय. मी आरशाचंच बोलतोय."

मला राग यायला फार लागत नाही. मी टेबलाशी उभी राहिले आणि म्हणाले, "दुसरा कोणी चोर असता तर काच काढून पळाला असता. तुम्ही मापाची नवी काच नेलीत, लांबी भरलीत, कोपरे तासलेत आणि जाताना फडकंही मारलंत. नाकारायचं असेल तर नाकारा, पण मग निदान काम तरी वाईट करायचं."

"उघडी खिडकी सोडून जायचं होतं का?" तो म्हणाला. "थंडीचे दिवस आहेत. म्हाताऱ्या माणसांची घरं आहेत ती."

एवढ्यात त्याची मुलगी कानातले बोळे काढत आत आली. तिने माझी टोपी पाहिली, बापाचा चेहरा पाहिला. "बाबा, काय केलंत?"

"काचा आणल्या," तो म्हणाला. मग मला म्हणाला, "आता आलाच आहात तर बघून जा."

वरच्या खोलीत उत्तरेकडे मोठी खिडकी होती. तिच्यासमोर त्याने लाकडी खाचांची चौकट करून त्यात तावदानं ओळीने उभी केली होती. प्रत्येकाखाली घराच्या दारावरचं साल खडूने लिहिलेलं. पहिलं तावदान किंचित हिरवट, लाटांचं, पण स्वच्छ. दुसरं तसंच. चौथ्या-पाचव्यापासून काचेत बारीक पांढरे खडे दिसू लागले, साखरेचे कण विरघळायचे राहिल्यासारखे. त्यापुढे खडे मोठे होत गेले आणि त्यांच्यामागे तपकिरी शेपट्या आल्या. बाईंच्या खिडकीतलं तावदान शेवटचं होतं. त्यात आडवा एक तपकिरी ओघळच गोठलेला होता.

"हे काय आहे?"

"भट्टीचं छत," काडीवाला म्हणाला. "भट्टीला वर विटांचा घुमट असतो. तो जुना झाला की वितळायला लागतो आणि थेंब थेंब खालच्या काचेत पडतो. मग भट्टी विझवायची, घुमट नवा बांधायचा, महिनोन्‌महिने काम बंद. नाहीतर घुमट एक दिवस खाली येतो, आणि आतली लाल काच बाहेर उसळून मिळेल ते पेटवते." त्याने शेवटच्या तावदानाला बोट न लावता दाखवलं. "चांगला माल बाहेरगावी जायचा. असला माल आपल्याच कारकुनांच्या घरांना लावायचे, फुकटात. ही ओळ बांधत गेले तसतसा घुमट पडत गेला, बघा. भट्टीवाल्याला हे दिसत नव्हतं? मालकाला दिसत नव्हतं? त्या सकाळचं भांडण सगळ्यांनी ऐकलं म्हणतात. कशावरून झालं ते कोणीच सांगत नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या घरात सांगत आलेत, भट्टी विझवा म्हणून भांडला होता. पण आमच्या घरातलं कोण ऐकणार? मीही कुठे मानत होतो. म्हटलं, आपला माणूस आहे, घरचे त्याची बाजू घेणारच. मग मागच्या वर्षी ओळीतली एक खिडकी दुरुस्तीला आली."

त्याची मुलगी दारातच उभी होती. तिलाही हे नवीन होतं. "मागून घ्यायच्या ना काचा, बाबा," ती म्हणाली. "लोकांनी दिल्या असत्या."

"काडीवाल्याला? जुनी काच? कशाला हवी म्हणून विचारलं असतं, मी सांगितलं असतं, आणि संध्याकाळच्या आत धाकट्या मालकांच्या कानावर गेलं असतं."

मला त्याचं म्हणणं जरा अतीच वाटलं. हेकट माणसांना सगळं जग आपल्या विरुद्ध दिसतं, आणि मी स्वतः त्यातलीच असल्यामुळे मला ते ओळखता येतं. मी ठाण्यावर येऊन साहेबांना सगळं सांगितलं. साहेब हसले. त्याच दिवशी संग्रहालयाच्या समितीची बैठक होती आणि साहेब तिचे सदस्य. त्यांनी तिथे चहाबरोबर ही गंमत सांगितली.

दोनच दिवसांनी बाहेरच्या गावचा ठेकेदार दोन गाड्या घेऊन कारकुनांच्या ओळीत उभा राहिला. धाकट्या मालकांची देणगी. चोऱ्यांमुळे रहिवाशांना मनस्ताप झाला, जुन्या खिडक्या सुरक्षित नाहीत, तेव्हा सगळ्या घरांना नव्या खिडक्या मोफत. लोक खूश. माझ्यावर उखडलेले ते काका तर ठेकेदाराला स्वतःच शिडी धरून देत होते. मी पोचेपर्यंत जुन्या चौकटी काचांसकट गाडीत आपटल्या जात होत्या आणि बोळात चुरा पडला होता. फक्त बाईंनी दार उघडलं नव्हतं. कोणी न विचारता काही देऊ लागलं की त्यांना राग येतो, एवढंच त्याचं कारण.

मी चुऱ्यात उभी राहिले. संताप झाला, आणि त्यातला बराचसा माझ्याच साहेबांवर होता, म्हणजे कुठे काढायची सोय नाही. पण आता एक गोष्ट मला स्वच्छ समजली. यात काही नसतं तर एवढी घाई कोणी केली नसती. घुमट कसा पडत गेला हे ओळीने दाखवणारा पुरावा आता जगात एकाच ठिकाणी होता, चोराच्या माडीवर.

मी काडीवाल्याच्या दुकानात गेले. बाप-लेक दोघं समोर बसले.

"दोन रस्ते आहेत," मी म्हणाले. "एक असा, की तुम्ही काचा परत करायच्या, बाई तक्रार मागे घेतील, प्रकरण मिटलं. तुमच्यावर काही नाही. काचा ज्याच्या त्याच्या घरी जातील आणि तिथून ठेकेदाराच्या गाडीत. दुसरा, मी चोरीचा गुन्हा नोंदवते. काचा मुद्देमाल होतील. पंचांसमोर मोहोर लागली की त्यांना माझे साहेबही हात लावू शकत नाहीत, मालक तर नाहीतच. मी काचा तपासणीला प्रयोगशाळेत पाठवीन, भट्टीघराच्या पडक्या विटेच्या तुकड्यासकट, आणि विचारीन की हे खडे कशाचे आहेत. उत्तर न्यायालयात वाचलं जाईल. पण तुम्ही चोर ठराल. कागदोपत्री, कायमचे."

"बाबा, नको," मुलगी म्हणाली. "आधीच कमी नावं आहेत का आपल्याला?"

काडीवाला टेबलावरचं फलालीचं कापड हाताने सारखं करत होता. "आणि ते येणारं उत्तर पुरेल?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही पुरणार. आग कोणी लावली नाही, हे काचेत दिसत नाही. घुमट पडत होता एवढंच दिसेल. पण दगडावर नाव कोरायच्या आधी लोकांना थांबावं लागेल."

तो मुलीकडे वळला. "हे बघ, त्याचं नाव मी मिरवलं, तू मिरवलंस, आपण दोघांनी काही केलं नसताना. हे निदान मी केलेलं आहे." मग मला म्हणाला, "चोरी लिहा."

मुलगी रडली. मी तिला रडू दिलं, कारण तिचं चुकत नव्हतं.

आता अडचण भलतीच आली. बाईंना सगळं कळल्यावर त्या तरातरा ठाण्यात आल्या आणि तक्रार मागे घेते म्हणाल्या.

"बाई, तसलं काही करू नका," मी अक्षरशः हात जोडले. तक्रारदाराने तक्रार मागे घेऊ नये म्हणून विनवणी करायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. हवालदार बाईने पुन्हा रुमाल शोधला.

मी समजावून सांगितलं तेव्हा बाई खुर्चीत बसल्या. "त्याची पोर माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची," त्या म्हणाल्या. "आगीचा धडा आला की मी फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. मला वाटायचं, तिला लाज वाटू नये म्हणून मी एवढं सांभाळतेय. त्या धड्याला पुरावा काय, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही. मी इतिहासाची मास्तरीण." त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. "बरं. चोराला शिक्षा झालीच पाहिजे, असं लिही माझ्या नावाने. जोरात लिही."

अहवाल यायला बरेच दिवस लागले. तेवढ्यात बाईंनी समितीला भंडावून सोडलं. समिती शेवटी एवढ्यावर आली की न्यायालयात काय होतंय ते पाहू, मग शेवटची ओळ कोरू. पाथरवटाने मेलेल्यांची नावं पुरी केली आणि खाली जागा सोडून हत्यारं गुंडाळली. अहवाल आला तो दीड पानाचा, रुक्ष. काचेतले खडे आणि भट्टीघराची वीट एकाच पदार्थाची, आणि त्यांचं प्रमाण घरागणिक वाढत गेलेलं. माणसांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी छोट्याशा न्यायालयात गाव मावेना. मागच्या बाकावर धाकटे मालक, पुढे बाई, भिंतीशी काडीवाल्याची मुलगी. न्यायाधीश तरुण होते आणि एवढी गर्दी तावदानांसाठी कशी, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. अहवाल वाचला गेला. बाकांवर कुजबुज झाली आणि थांबली.

"गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"चोरीचा ना?" काडीवाला म्हणाला.

"हो. दुसरा कुठला?"

"आगीचा."

"आगीचा आरोप तुमच्यावर कोणी ठेवलेला नाही."

"माझ्या पणजोबांवर."

न्यायाधीशांनी समोरचे कागद चाळले. "तुमचा जबाब वाचून मी जुनं दफ्तर काढायला लावलं होतं. त्यांच्यावरही नाही. तसा खटला कधी उभाच राहिला नाही. त्यांना आरोपी कोणी केलंच नव्हतं."

काडीवाल्याने कठड्याला दोन्ही हातांनी धरलं. "म्हणजे त्यांच्या बाजूने कोणी उभं राहून बोलायची वेळच आली नाही."

"नाही."

"मग आत्ता जे म्हणालात, तेवढं लिहून घ्याल का? त्यांना आरोपी केलं नव्हतं, हे."

त्या वाक्याचा चोरीशी संबंध नव्हता आणि न्यायाधीशांना ते माहीत होतं. त्यांनी एकदा समोर बसलेल्या बाईंकडे पाहिलं, एकदा अहवालाकडे. मग लेखनिकाला ते वाक्य सांगितलं, सावकाश, पूर्णविरामापर्यंत. मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. धाकटे मालक बाहेर गेले. मी मान वळवली नाही, कारण माझे डोळे भरले होते आणि माझ्या पाठीमागे पहिल्याच बाकावर माझे साहेब होते.

"आता सांगा," न्यायाधीश म्हणाले. "चोरी कबूल आहे?"

"आहे," काडीवाला म्हणाला. "आमच्या घरात असं विचारलेलं पहिल्यांदाच."

लेखनिक तेही लिहायला लागला. न्यायाधीशांनी त्याला अडवलं नाही.